आमच्या कॉम्प्युटरचा अधिक महिना

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दुकानात चार माणसं टेकतात, चहा होतो आणि जाताना प्रत्येक जण एखादा टाकून जातो. उत्तरेतल्या आमच्या मराठी वस्तीत, दुर्गाघाटावरच्या टायपिंगच्या दुकानात नानाकाकांनी कॉम्प्युटर आणला, तेव्हापासूनचे तर मला तोंडपाठ आहेत.

*

दिल्लीहून काकांच्या मित्राने नव्या सिस्टिमची सीडी पाठवली. वर पेनाने लिहिलेलं, बी-ई-टी-ए. काकांनी वाचलं, “बेटा. बघ, किती लाडाने लिहिलंय!”

आम्हीही लाडाने ती घातली. ते ‘बीटा’ आहे, म्हणजे बाजारात यायच्या आधीचं, तपासायला दिलेलं कच्चं सॉफ्टवेअर, हे कळेपर्यंत जुनं सगळं पुसलं गेलं होतं.

काका म्हणाले, “आता बेटा म्हटलंय, तर सांभाळायलाच हवं.”

*

सांभाळणं कसलं, डोक्याला ताप! बेटा मधेच रुसून बसायचा. तात्याशास्त्री पाठशाळेचं पंचांग करायचे आणि ते कॉम्प्युटरवर जुळवायचं काम आमच्याकडे होतं. त्याच्यावरच दुकान तगून होतं. एकदा तात्यांच्या डोळ्यांदेखत अख्खी एकादशी गडप झाली. मी रडकुंडीला आले.

तात्या म्हणाले, “अगं, एक उपास वाचला. घाल परत.”

*

पाडवा तोंडावर आला आणि एका सकाळी पडद्यावर उमटलं, या आवृत्तीची मुदत संपली. मशीन पुढे सरकेना. अर्धं पंचांग आत अडकलेलं. गावातल्याच सिगरा मोहल्ल्यातला एक मोठा प्रेसवाला हे काम पळवायला टपलेलाच होता. काका डोक्याला हात लावून बसले.

तात्यांनी विचारलं, “आज तारीख काय, हे त्याला कोण सांगतं?”

“आत घड्याळ असतं. आपणच लावतो,” मी म्हटलं.

“मग घ्या की मागे. आम्ही अख्खा अधिक महिना घालतो, काही बिघडतं का?”

तारीख मागे नेली आणि बेटा मुकाट्याने चालू झाला. काकांनी तात्यांना वाकून नमस्कार केला, मला कचौडी-जिलेबी आणायला पिटाळलं. पाडव्याला पंचांग घरोघर पोचलं. काय मान वर करून हिंडलो आम्ही त्या दिवशी!

*

मग चटकच लागली. मुदत जवळ आली की तारीख मागे. पत्रांवरही आपोआप जुनीच तारीख छापली जायची. रेल्वेतले गोविंदमामा रजेचे अर्ज मुद्दाम आमच्याकडून करून न्यायला लागले. त्यांचा साहेब खूष, “आप तो बड़े समय से अर्ज़ी देते हैं.”

*

सन दोन हजार जवळ आलं. नवं साल लागताच कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून जिकडेतिकडे बोंब. सिगऱ्याच्या प्रेसवाल्याने संधी साधली. पाठशाळेच्या विश्वस्तांना आणि एका इंजिनिअरला घेऊन तो थेट दुकानात आला.

इंजिनिअर म्हणाला, “दो हज़ार लगते ही यह मशीन बैठ जाएगी. पंचांग भी साथ में डूबेगा.”

विश्वस्तांचा चेहरा गंभीर झाला. काका तर पांढरेफटक पडले. काम गेलं, दुकान गेलं, हे मलाही दिसत होतं.

तात्या शांतपणे पान जमवत होते. म्हणाले, “भैया, पहले ज़रा इसकी तारीख़ तो देख लो.”

इंजिनिअरने बघितली. चष्मा पुसून परत बघितली. “इसमें तो पंचानबे चल रहा है!”

“फिर काहे की घबराहट?” तात्यांनी पान तोंडात टाकलं. “दो हज़ार आने में अभी पाँच साल हैं.”

विश्वस्त उठले आणि काकांना म्हणाले, “नाना, यंदाचं पंचांग कधी देताय?”