आधी डुबी, मग पोहणं

माझा बाप खाडीत रेती काढायचा. होडीतून पाण्यात बांबू रोवायचा, तो धरून तळाला जायचं, बादली रेतीनं भरायची आणि दम संपायच्या आत वर यायचं. याला डुबी मारणं म्हणतात. दिवाळी झाली की आई-बा पाडा सोडून खाडीवर जायचे. मी आश्रमशाळेत. पावसाळ्यात भाताच्या लावणीला ते परत यायचे, तेव्हा बा मला पाहुण्यासारखा वाटायचा. डुबी मारून मारून त्याचे कान गेलेले. त्याला काही सांगायचं तर हातवारे करून सांगा, नाहीतर गप्प बसा. मी गप्पच बसायची. नाचणीची भाकर पुढ्यात ठेवायची आणि बाजूला व्हायची.

दहावी पास झाले. अकरावीला मोखाड्यात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात नंबर लागला नाही. म्हणजे रोज जा-ये. आमचा पाडा नदीच्या अलीकडे, जीपचा रस्ता पलीकडे, मध्ये पूल नाही. उन्हाळ्यात दगडांवरून चालत जातो. पावसाळ्यात पाणी डोक्यावर चढतं.

काका म्हणाला, "पाऊस जाईपर्यंत ठेव पोरीला घरी. लावणीला तेवढाच हात."

पाऊस जाईपर्यंत घरी राहिलेल्या पोरी पुढे कुठे दिसतात, हे मला ठाऊक होतं. वीटभट्टीवर.

आईनं बाला हातांनी सगळं समजावलं. त्यानं हातातली रोपांची मूठ चिखलात ठेवली, माझ्याकडे बोट केलं, मग नदीकडे.

नदीच्या वळणावर पाणी संथ असतं. तिथं त्यानं मला छातीभर पाण्यात उभं केलं आणि डोकं धरून खाली दाबलं. मी नाकातोंडात पाणी घेऊन वर आले आणि ओरडले, "मला पलीकडे जायचंय, तळाला नाही!"

त्याला ऐकू आलं नाही. आलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं म्हणाला, "तळ बघला का पान्याचा भेव जातो. आधी डुबी."

डुबी जमली. मग कळलं की बाला आडवं पोहायचं फारसं येतच नाही! जन्मभर बांबू धरून खाली-वर केलेलं. आम्ही दोघांनी समोरच्या काठावर नेम धरून हातपाय मारले आणि धारेनं आम्हाला खालच्या खडकांवर नेऊन आदळलं. गुडघे सोलले. आई काठावर पोट धरून हसत होती.

"अरे, म्हशीला विचारा की! तिला शाळा नाय, कॉलेज नाय, पन ती कशी तिरकी जाते बघा!"

खरंच होतं. म्हैस वरून पाण्यात शिरते आणि धारेबरोबर तिरकी पलीकडे लागते. मग आम्हीही वरच्या अंगाला करंजाच्या झाडापाशी जाऊन पाण्यात शिरायला लागलो. लावणीवरून आलो की रोज. बा नेहमी धारेत माझ्या खालच्या बाजूला राहायचा, तोंड माझ्याकडे करून. ऐकू येत नाही, तर नजर हवीच. घरात ज्या माणसाशी मी बोलत नव्हते, त्याच्याशी पाण्यात हातांनी भांडायची, थट्टा करायची. एक खूण पक्की होती. त्याचा तळवा खाली गेला की डुबी.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी पाणी तांबडं होतं. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला होता.

आई म्हणाली, "आज नको गं, बाय."

बानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आज नको म्हटलं की उद्याही नको होतं. मी पाण्यात शिरले. रंगाचा जुना डबा, आत कपडे आणि वह्या, त्याच्या कमरेला बांधलेला.

मधोमध आलो आणि त्याचा तळवा खाली गेला. मी मागं वळून पाहिलं नाही. डुबी मारली. वरून अंधार सरकला, फांदी पाठीला ओरबाडून गेली. अख्खं झाड होतं ते. दम संपेपर्यंत खाली राहिले, वर आले तेव्हा धारेनं पार पुढे नेलं होतं. पलीकडच्या उंबराचं मूळ हाताला लागलं. पोचले होते मी.

मागं पाहिलं. त्याच्या कमरेचा डबा सुटून एकटाच वाहत चालला होता. बा नव्हता.

मला शोधायला तो तळाला गेला होता. "बा!" मी ओरडले. कोणाला? अलीकडच्या काठावर आई किंचाळत होती. तो वर आला, दम घेतला, मी जिथं बुडाले तिकडेच पाहत होता, आणि पुन्हा खाली गेला. तो माझ्याशिवाय वर थांबणार नव्हता.

मी मूळ सोडलं.

धार त्याला खाली आणत होती, मी आडवी हात मारत होते. तो पुन्हा वर आला, तोंड उघडून दम भरायला लागला, तेवढ्यात मी त्याचा कानच धरला. जोरात. तो वळला. मला पाहिलं आणि काय ओरडला ते मला अजून कळलेलं नाही. मग आम्ही तिरके, म्हशीसारखे, काठाला लागलो. उंबराखाली बसून तो माझ्या पाठीवरचं ओरबाडलेलं बघत राहिला. नंतर त्यानं रस्त्याकडे बोट केलं. जा.

त्या दिवशी मी ओल्या कपड्यांनी, रिकाम्या हातानं कॉलेजात बसले. पुढच्या सगळ्या पावसाळ्यांत नदी आम्ही दोघांनी मिळून ओलांडली.

पूल अजून झालेला नाही. मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर मी आहे.