दुपारी अडीचचे फॉलोअर

"फेक आहेत. लिहून टाक," केदारसर म्हणाले.

स्क्रीनवर एका जपानी फुटबॉलपटूचं अकाउंट होतं. वय चौतीस, दुसऱ्या डिव्हिजनमधला मिडफिल्डर, तिकडेही फारसं कुणी ओळखत नाही. आणि त्याचे निम्मे फॉलोअर बेंगळुरूचे! मला पहिल्या मिनिटालाच वास आला होता.

आमची कंपनी फॉलोअर तपासते. खेळाडूला जाहिरातीत घेण्याआधी ब्रँड आम्हाला विचारतो, ही लोकप्रियता खरी की विकतची? विकतची जिथून येते त्याला क्लिक फार्म म्हणतात. एका खोलीत शेकडो फोन आणि दिवसभर लाइक मारणारी माणसं. एका शूज कंपनीला हा खेळाडू हवा होता. आम्ही 'फेक' लिहिलं की कॉन्ट्रॅक्ट तर जातंच, वर शिक्का बसतो. मग दुसरा ब्रँडही त्याला दारात उभं करत नाही, आणि चौतिसाव्या वर्षी वाट बघायला वेळ नसतो.

पुरावा भरपूर होता. सगळ्यांची कॉमेंट एकच, 'सरी'. कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक. वेळही एकच, दुपारी अडीच ते पावणेतीन. नंतर सामसूम. प्रोफाइल फोटो उघडले तर शर्टसुद्धा एकाच राखाडी रंगाचे. एका फोटोत मागे बेंगळुरूच्याच बोम्मसंद्र्यातल्या कारखान्याचं गेट होतं.

"सर, मी जाऊन येते."

"अगं, चार ओळींचा रिपोर्ट आहे!"

"रंगेहाथ पकडते."

अडीचला शिफ्ट सुटली. राखाडी शर्टांचा लोंढा बाहेर आला, प्रत्येकाच्या हातात फोन. समोरच्या चहाच्या टपरीवर एकाच्या स्क्रीनवर आमचाच खेळाडू! मी कन्नडमध्ये सरळ विचारलं, "हे करायला कोण सांगतं?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एचआरनं पाठवलं काय?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. माझं फोनवरचं बेळगावी मराठी ऐकून तो कामगार जरा सैल झाला. खानापूरचा निघाला, नाव परशराम.

"आत मोबाइल बंद, अक्का. लॉकरात ठेवतोय. सुटलं की सगळे एकदमच काढतोय."

"आणि सगळे 'सरी'च का लिहिता?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. हा पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणारा. कंपनी जपानी, त्यामुळे पद्धतही तिकडची. मशीन चालू करण्याआधी एकेका भागाकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'सरी'.

"लई लाज वाटायची बघा. मग ट्रेनिंगात ह्याचा व्हिडिओ दाखवला. फ्री किकच्या आधी बॉलकडं बोट, गोलकडं बोट, तोंडानं बोलतोय. स्टेडियम भरलंय, पण ह्याला लाज नाही. मग आमाला कशाला? एक दिवस असंच बोट दाखवताना मशीनचं जाळीचं झाकण उघडं दिसलं. नाहीतर हात आतच जायचा होता. म्हणून ह्यालाबी आमी 'सरी'च लिहितोय."

त्यानं उजवा पंजा माझ्यापुढे धरला. पाचही बोटं जागेवर होती. क्लिक फार्म शोधत आलेल्या मला तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रिपोर्ट लिहिला: फॉलोअर खरे. सरांनी दोनदा वाचला आणि सही केली. शूज कंपनीच्या मॅडमनी व्हिडिओ कॉलवर आभार मानले. खरे आहेत हे उत्तमच, म्हणाल्या, पण हे लोक आमचे एवढे महागडे शूज कुठे घेणार? कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या खेळाडूला गेलं. त्याचे फॉलोअर तपासायला आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी आपली सवयीनं चाळले. माझ्या मते निम्मे विकतचे आहेत.

शिक्का टळला, एवढंच मला करता आलं. खरं-खोटं आम्ही तपासून देतो. खरं निघाल्यावर ते हवं की नको, हे गिऱ्हाईक ठरवतं.