टाकीचं झाकण

बाबू मिस्त्री कधी बसत नसे. चहासुद्धा उभ्यानं, एका हातात कप आणि दुसऱ्या हातातला पाना मांडीवर सारखा वाजत. फौजेत ट्रकांवर होता. पाय अधू झाल्यावर परतला आणि आष्ट्याच्या नाक्यावर त्यानं पत्र्याची शेड टाकली. तो स्थिर होई तो एकाच कामात: कार्ब्युरेटरची नळी सोडून पितळी वाटीत पडणारं पेट्रोल पाहताना.

मी त्याला प्रथम पाहिलं ते एका भर दुपारी. माझी बायको मालती बाळंतपणात अडली होती आणि सासरे आपल्या मोटारीतून आम्हाला मिरजेच्या इस्पितळात नेत होते. मोटार दोन-तीन मैल जाई, गचके खाई, बंद पडे. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होई. तिसऱ्यांदा बंद पडली ती मिस्त्रीच्या शेडसमोर. आत मालती सासूबाईंचा हात धरून कण्हत होती.

"पेट्रोलचा पंप बदल," सासरे ओरडले.

"आवं दादासायेब, रोग कळल्याबिगर सुई टोचू व्हय? इथवर पेट्रोल आलं तर बिगाड पुढं, न्हाई आलं तर मागं." त्यानं नळी सोडली, वाटी धरली आणि माझ्या मास्तरकीच्या कोट-टोपीकडं पाहून म्हणाला, "मास्तर, हँडल मारा."

मी मोटारीच्या तोंडाशी असलेलं इंजिनाचं हँडल फिरवू लागलो. पहिल्या दोन पिचकाऱ्या बऱ्या आल्या, मग नुसते थेंब. मिस्त्री लंगडत मागं गेला आणि त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत ओढली गेली. "आता मारा." वाटी भरून सांडली.

"पंपाला जोर हाय. टाकीच सोडत न्हवती," तो म्हणाला. "पेट्रोल भाईर जायचं तर हवा आत नको?" त्यानं झाकणाचं बारीक भोक तारेनं कोरलं. नखावर लाल लाखेचा कण आला.

ती लाख माझी होती. महायुद्ध चालू होतं आणि पेट्रोल शिध्यासारखं मोजून मिळे. ते उडून जातं, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. म्हणून परीक्षेच्या पाकिटांवर लावायची लाख वितळवून आदल्या संध्याकाळी मी ते भोक बुजवलं होतं, आणि सासऱ्यांना सांगून शाबासकी घ्यायची राहून गेली होती.

"काय होतं रे?" सासऱ्यांनी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं. "माती, दादासायेब. रस्त्याची माती. चला, निघा आता!"

मालती वाचली. मूल वाचलं नाही. आधी पोहोचलो असतो तर, असं मी विचारलं; डॉक्टर हात धुवायला वळले.

पुढं मी शाळा सुटली की मिस्त्रीकडं जाऊ लागलो. घरी माझ्यानं बसवत नसे. तिथं दोघंही उभे. "मागनं बघत या, मास्तर," वाटी धरून तो सांगे. "बिगाड दिसतो एकीकडं, असतो दुसरीकडं." लाखेचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तो मिरजेच्या इस्पितळात पडला. झोपवलेला मिस्त्री मी तेव्हाच पाहिला. बोटं मात्र खाटेच्या लोखंडावर वाजत होती.

"तुमच्या बाईस्नी लाखेचं सांगितलं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

बोटं थांबली. "मी खोटं बोललो ते मिरजेपतुर जायला. नाक्यावर भांडण लागलं असतं, गाडी तिथंच ऱ्हायली असती. तुमी ते खोटं लय लांब नेलं, मास्तर."

तिसऱ्या दिवशी तो गेला. स्मशानातून परतलो तेव्हा मालती दारात माझ्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"थांब," मी म्हणालो. "आधी ऐक. आपली गाडी मातीनं अडली नव्हती. लाखेनं अडली होती."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"कसली लाख?"

मी उंबऱ्याबाहेर उभ्यानंच, टाकीपासून सांगायला लागलो.