पाय सोडा, मालक!

“पाय सोडा, मालक! आवं, पाय सोडा म्हंतोय न्हवं!” स्टुलावरून वायरमन ओरडत होता आणि खाली आमचे अण्णा त्याची पोटरी मिठीत आवळून उभे होते. माणूस पडू नये, एवढाच त्यांचा हेतू.

संध्याकाळी कवठे महांकाळचे पाहुणे बहिणीला बघायला यायचे होते. आमच्याकडे विजेचा दिवा आहे, हे अण्णांनी त्यांना पत्रातून तीनदा कळवलं होतं, आणि नेमका दुपारी तो आढ्याचा दिवा गेला. नवा बल्ब लावला तरी ढिम्म. मग मिरज स्टेशनाजवळून हा वायरमन धरून आणला.

मेन बंद करणं त्याला कमीपणाचं वाटे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहून तो जिवंत तार बोटांच्या पाठीनं, बैलाला गोंजारावं तशी चाचपायचा. “तळहातानं धरली तर ती सोडत न्हाई,” म्हणाला.

पण पाहुण्यांसाठी आईनं जमीन नुकतीच सारवली होती. त्या ओलीवर अनवाणी अण्णा! ओढाओढीत वायरमनचा हात तारेला लागला आणि वीज दोघांतून अशी गेली, की अण्णांच्या मिशा आढ्याला टेकल्या आणि ते उडून जोंधळ्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

वायरमननं मात्र हात झटकला, सुटलेली तार आवळली आणि दिवा लख्ख लागला.

“अरे, मेलो असतो की मी!” अण्णा पोत्यावरूनच म्हणाले.

पक्कड पिशवीत टाकत तो म्हणाला, “व्हय. मग पोरीचं लगीन लांबलं असतं.”