ठिपका आणि चष्मा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पक्के काका म्हणत, कारण दिलेला निकाल त्यांनी कधी फिरवला नाही. गाईच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असली की जुन्या चाचणीत ताटलीतल्या खाचेच्या तळाशी तांबडा ठिपका बसतो. तो ठिपका नुसत्या डोळ्यांनी टिपण्यात काकांची हयात गेली.

मग नवी चाचणी आली. तिचा निकाल यंत्रच वाचायचं. दोन्ही चाचण्या ताडून पाहिल्या तर शंभरातल्या नऊ गाईंबाबत जुळेना. यंत्र म्हणे प्रतिपिंडं आहेत. काका म्हणत, ठिपकाच नाही.

"कालचं पोर मला शिकवणार?" असं यंत्राकडे बघून म्हणत त्यांनी 'नवी चाचणी भरवशाची नाही' असा अहवाल साहेबांकडे धाडून दिला.

घरी बायको वैतागली होती. "भाजीतली अळी दिसत नाही तुम्हाला, आणि गाईंचे रोग कसले शोधता?" तिने त्यांना ओढतच चष्म्याच्या दुकानात नेलं.

दुसऱ्या दिवशी नवा चष्मा लावून काकांनी फ्रिजमधली त्या नऊ गाईंची ताटली उजेडात धरली. नऊच्या नऊ ठिपके, बारीक पण ठसठशीत, त्यांच्याकडे बघत होते.

काकांनी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुन्हा पाहिलं. एकही ठिपका नव्हता.

"पक्कं," काका म्हणाले.