अक्काच्या छातीची पट्टी

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, पहिल्यांदा पडली तेव्हा दहावीत होती. आम्ही पालमला राहत होतो. वडील वीज मंडळात लाईनमन होते आणि आई घरचं उरकून दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. परीक्षा जवळ आली म्हणून वडिलांनी बाजारातून गजराचं घड्याळ आणून दिलं होतं. त्याचा आवाज फार कर्कश होता. एका पहाटे ते वाजलं, अक्का दचकून अंथरुणात उठून बसली आणि बसल्या जागी कलंडली.

मी बाजूलाच झोपलो होतो. मला जाग आली तेव्हा तिचे हातपाय झटकत होते आणि आई तिचं डोकं मांडीवर धरून ओरडत होती. वडील रात्रपाळीला गेले होते. शेजारची माणसं धावत आली. कुणी तिच्या नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडायला घेतला. कांदा फुटेपर्यंत अक्का उठून बसली होती.

"एवढी मानसं कामून जमली?" तिनं विचारलं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "फेफरं हाय." तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द राहायला आला.

वडिलांनी तिला परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. आत तपासणीच्या खोलीत वडील आणि अक्का गेले. आई पिशवी सांभाळत बाहेर बाकड्यावर बसली आणि मी तिच्याजवळ. वडिलांनी सांगितलं, मुलीला फिट आली. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून मेंदूची पट्टी काढली. त्यात ठळक असं काही दिसलं नाही, पण फिटच्या बऱ्याच रोग्यांची पट्टी मधल्या काळात अशी साफ येते, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर चांगले होते. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी इलाज केला.

गोळ्यांनी अक्काला झोप यायची, हिरड्या सुजायच्या. अभ्यासात तिचं मन लागेना. बारावीनंतर तिनं शिक्षण सोडलं आणि शिलाई शिकली. मशीनवर मात्र तिचा हात चांगला बसला. तिला चुलीजवळ एकटं बसू द्यायचं नाही, विहिरीवर पाठवायचं नाही, असे नियम आपोआप ठरत गेले. वर्षातून एखाद-दोन वेळा ती पडायचीच. प्रत्येक वेळी डॉक्टर गोळी वाढवायचे. ती कधी पडते, कशी पडते, याचा विचार आम्ही कुणी केला नाही. फिट कधीही येते, असंच आम्ही धरून चाललो.

स्थळं यायची तेव्हा वडील पहिल्याच बैठकीत आजाराचं सांगून टाकायचे. चहा संपायच्या आत पाहुणे उठायचे. देवगाव फाट्याच्या स्थळानं मात्र तसं केलं नाही. मुलाचं फाट्यावर ट्रकच्या टायरचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांत ते मायलेक राहत होते. त्याची आई वडिलांना म्हणाली, "गोळी खाती ना? मग झालं. माझ्या बी गुडघ्याला गोळी चालूच हाय." विहारात साध्या पद्धतीनं लग्न लागलं. अक्काच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. ते कमी बोलतात आणि कामाला वाघ आहेत.

फाट्यावर दिवसभर ट्रक थांबायचे, हॉर्न वाजायचे. लग्नानंतर अक्काचं पडणं वाढलं. मुलगी झाली. बाळंतपणानंतर ती सासरी परत गेली आणि काही आठवड्यांतच, एका सकाळी ती बाळाजवळ झोपलेली असताना, खिडकीबाहेर एका ट्रकवाल्यानं एअर हॉर्न दाबून धरला. अक्का उठून बसली आणि पलंगावरून खाली पडली. दाजी दारातच दात घासत उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. या वेळी ती लवकर शुद्धीवर आली नाही. दाजींनी तिला गाडीत घालून सेलूला नेलं, बाळाला घेऊन त्यांची आईही सोबत निघाली. वाटेतच तिनं डोळे उघडले. सेलूच्या डॉक्टरांनी परभणीला पाठवलं.

मी तेव्हा परभणीत कृषी विद्यापीठात नोकरीला लागलो होतो, म्हणून मीही दवाखान्यात पोचलो. पालमहून एसटीनं आई-वडील आले. जुने डॉक्टर आता प्रॅक्टिस करत नव्हते. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी जुन्या फाईलवर नजर टाकली, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "पडताना यांना प्रत्यक्ष कुणी पाहिलं?"

"म्या पाहिलं," दाजी म्हणाले.

"आधी काय झालं? हातपाय आधी झटकले की नंतर?"

दाजींनी थोडा विचार केला. "आधी पांढरी पडली, मॅडम. एकदम ढिली. मेल्यावानी. मंग हातपाय झटकायला लागली."

"शुद्धीवर आल्यावर काय बोलल्या? बरळत होत्या का? झोपेत असल्यासारख्या?"

"न्हाई. गाडीत डोळे उघडले की म्हनली, पोरगी कुठाय? तिला दूध पाजायचंय."

एवढ्यात दारात उभी असलेली माझी आई पुढे आली. "पयल्या बारीला बी असंच झालं होतं," ती म्हणाली. "घड्याळ वाजलं, ही उठून बसली, चेहऱ्याचा रंग गेला. झटके नंतर आले."

वडिलांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तू हे कधी बोलली न्हाईस?"

"मला इचारलं कोनी?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आणखी विचारलं. प्रत्येक वेळी मोठा आवाज झाला होता का? आम्ही आठवू लागलो. कुकरची शिट्टी. मोबाईलची रिंग. जयंतीच्या मिरवणुकीतला फटाका. एकेक प्रसंग निघत गेला. बाईंनी चिठ्ठीवर छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला लिहिलं.

दाजी म्हणाले, "मॅडम, हिचा आजार डोक्याचा हाय. छातीचा न्हाई."

"तेच बघायचंय," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत अक्काच्या डोक्याची पट्टी अनेकदा निघाली होती. छातीची एकदाही नाही. गुलाबी कागदाची ती पट्टी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून दोन टोकांचं एक छोटं मोजायचं साधन काढलं आणि बराच वेळ एकाच जागी टोकं लावून मोजत राहिल्या. मग त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

"प्रत्येक ठोका पडला की हृदयातली वीज पुन्हा भरावी लागते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचीच भरते. यांची भरायला जरा जास्त वेळ लागतो. ती भरत असतानाच या दचकल्या, की ठोके बिघडतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. मेंदूला काही क्षण रक्त मिळालं नाही की माणूस पडतो आणि हातपाय झटकतो. बघणाऱ्याला ती फिट वाटते."

"वायरिंगचा दोष हाय म्हना की," वडील म्हणाले.

"तसंच समजा."

"मंग इतकी वर्षं ही उठून कशी बसायची?"

"ठोके आपोआप जागेवर यायचे म्हणून. दर वेळी येतीलच असं नाही."

 आता अक्कानं विचारलं, "म्हंजे मला मिरगी नव्हतीच?"

"मला तरी तसं दिसत नाही. पण त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. मी सांगीन तशा हळूहळू कमी करू."

अक्कानं मान हलवली. तिला आनंद झाला की राग आला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बाहेर आल्यावर तिनं बाळाला पाजायला घेतलं आणि बराच वेळ पदराआड मान खाली घालून बसली. मी चहा आणला. तिनं तो तसाच ठेवला.

पुढचा तपास संभाजीनगरला झाला. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला एक छोटं यंत्र लावून दिवस-रात्रीचे ठोके नोंदवले आणि निदान पक्कं केलं. ठोके आवरणारी गोळी दिली आणि ती एक दिवसही चुकवायची नाही असं बजावलं. काही साध्या आजारांवरची औषधंसुद्धा तिला चालणार नव्हती. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी हा आजार आधी सांगायचा. ते पुढं म्हणाले, "हे रक्तातून येतं. घरातल्या सगळ्यांच्या पट्ट्या काढा."

आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. वडिलांची पट्टी साफ निघाली. माझीही. मला हलकं वाटलं, पण ते दाखवायची ती जागा नव्हती. बाळ रडत होतं म्हणून त्याची पट्टी नीट येईना. शेवटी अक्कानं दूध पाजून त्याला झोपवलं आणि मग काढली. बाळाच्या पट्टीत तोच दोष निघाला. आणि आईच्याही. आई जन्मात कधी पडली नव्हती. उन्हात दिवसभर राबली, तरी तिला साधी चक्कर आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, ज्यांच्यात हा दोष असतो त्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण गोळी दोघींनाही घ्यावी लागेल, बाळाला वजनाप्रमाणे थोडी.

परतीच्या रेल्वेत आई खिडकीशी बसली होती. जालना मागं पडलं. मग अक्काकडे न बघताच म्हणाली, "माझ्यापायी गेलं का गं हे तुमच्यात?"

अक्का म्हणाली, "माय, नाक बी तुझंच हाय मला. त्याचं कधी वाईट वाटलं का तुला?"

समोरच्या बाकावरचे दाजी हसले. आई हसली नाही, पण तिनं नातीला मांडीवर घेतलं आणि परभणी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

गोळीनं बरेच दिवस ठीक चाललं. फिटच्या गोळ्या कमी होत गेल्या तशी अक्काची सुस्ती गेली. ती ब्लाउजांची कामं जास्त घेऊ लागली. मग एके दिवशी दुकानात हवा भरताना टायर फुटला आणि अक्का मशीनवरून खाली पडली. त्यानंतर डॉक्टरांनी यंत्र बसवायचं ठरवलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. त्याची तार हृदयापर्यंत जाते. ठोके बिघडले की ते ओळखतं आणि आतूनच झटका देऊन ठोका जागेवर आणतं. वडिलांनी डॉक्टरांना त्या तारेबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी नर्सनं त्यांना बाहेर बसवलं.

दाजींनी आपणहून एक गोष्ट केली. दुकान फाट्यावरच ठेवलं, पण राहायला गावात आतल्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. त्यांच्या आईनं कुरकुर केली नाही. घरी असताना सगळ्यांना मोबाईल आवाज बंद करून ठेवायची सवय लागली. त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचा फोन लागला तरी उचलला जात नाही आणि नातेवाईक रुसतात.

यंत्र बसवल्यावर बराच काळ ते काहीच करत नव्हतं. आम्ही जवळजवळ विसरलो होतो. गेल्या हिवाळ्यात अक्का सेलूच्या आठवडी बाजारात गेली होती. ती एका भाजीवालीसमोर उभी असताना मागं कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून बार उडाला. अक्का सांगते, छातीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. ती मटकन खाली बसली. भाजीवालीनं तिला पाणी दिलं. डोळ्यांपुढं अंधार आला नाही, हातपाय झटकले नाहीत. तिनं दाजींना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, "यंत्रानं काम केलं बघा. तुमी या."

दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला डॉक्टरांनी यंत्रातली नोंद तपासली. हृदय भरकटलं होतं आणि मेंदूचं रक्त तुटायच्या आत यंत्रानं ते जागेवर आणलं होतं. गोळीचा डोस त्यांनी थोडा वाढवला.

दाजी सांगतात, ते बाजारात पोचले तेव्हा अक्का भाजीवालीच्या पोत्यावर बसून मेथीचा भाव करत होती. छातीला हात लावून बघायचीही तिनं त्यांना परवानगी दिली नाही. फक्त जुड्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आज निवडायची तुमी. माझा हात दुखायलाय."