पुण्याचा ऑक्टोबर, म्हैसूरचा घसा

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये दवाखाना थाटलेल्या पुण्याच्या वैद्यबाईंनी मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. त्यांनी मला पुण्याचा शरद ऋतू म्हैसूरचा म्हणून दिला आणि मी तो मुकाट्यानं घरी आणला.

मी फुलांची ठोक खरेदी करते. देवळाच्या दारात बसून हातानं मोजून गजरे विकण्यापासून सुरुवात केली. आज देवळं आणि लग्नाचे हॉल माझ्याकडून शेवंती घेतात. पहाटे लिलाव असतो. दलाल फुलांच्या ढिगाशी उभा राहतो आणि ज्याचा आवाज चढतो त्याच्याकडे बघतो. माझा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तेवढंच माझं भांडवल.

तो आवाज थंडीत टिकवायची रीत आईनं दिली होती. तिला ती नंजनगूडच्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी सांगितलेली. गणपती गेले की सुरू करायची. सकाळी कोमट तिळाचं तेल तोंडात धरून थुंकायचं, बोटानं नाकपुड्यांना आतून तेल लावायचं, कान बांधून बाहेर पडायचं आणि रात्री भातावर मिऱ्याचं सारू, म्हणजे सार. वीस वर्षं हे केलं. एकदाही घसा बसला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी ॲसिडिटीसाठी मी त्या बाईंकडे गेले. त्यांनी खाणंपिणं विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, शरदात मिरे? तिळाचं तेल? अहो, पित्त भडकेल नाही तर काय होईल!"

त्यांनी छापलेला कागद दिला. साळीचा भात, मूग, दूध, तूप, आवळा, कडू भाज्या. तीळ, मिरे, आलं, लाल मिरची बंद. संध्याकाळी चांदण्यात बसा.

शेवंतीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाची भिजकी फुलं वर काढणारी मी, त्या कागदाला एकही प्रश्न विचारला नाही. कारण सांगते. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात "स्वल्प मीठ घाल" असं बोलतात, निम्मं वाक्य मराठीत आणि निम्मं कन्नडात. आणि बाईंचं मराठी कसं, पुस्तकातल्यासारखं. त्या बोलायला लागल्या की मला माझ्या तोंडाची लाज वाटायची. जी भाषा इतकी स्वच्छ, तिच्यातला सल्ला चुकीचा कसा असेल?

दसऱ्यानंतर आमच्याकडे परतीचा पाऊस संध्याकाळी येतो, गार वारा सुटतो. कागदात चांदणं लिहिलेलं. वर ढग होते, चांदणं नव्हतंच. तरी मी ओल्या गच्चीवर दुधाचा पेला घेऊन बसले. चौथ्या दिवशी घसा खरखरला, आठव्या दिवशी आवाज गेला. फोन केला तर बाई म्हणाल्या, "पित्त बाहेर पडतंय, चालू ठेवा."

संक्रांतीपर्यंत मी मुकी होते. लिलावात बोटं दाखवायची, दलालाला दिसायची नाहीत. माझ्याशी कायम चढाओढ करणारा एक व्यापारी चांगले ढीग उचलून न्यायचा आणि जाता जाता विचारायचा, "येन अक्का, मौनव्रत?" सगळे हसायचे. एक लग्नाचा हॉल त्याच्याकडे गेला. नवरा म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदा रेडिओ नीट ऐकू येतोय." त्याच्यावर ओरडायलाही आवाज नव्हता.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर फुलांच्याच कामानं पुण्याला गेले. बसमधून उतरले आणि डोकं तापलं. कोरडं ऊन, घामाच्या धारा. जिच्याकडे उतरले तिच्या गच्चीवर आवळ्याचे काप दोन दिवसांत खडखडीत वाळले. तिथे त्या कागदातला शब्दन् शब्द खरा होता. मला दूध प्यावंसं वाटलं, मिरं नकोसं वाटलं. संध्याकाळी चांदण्यातही बसले. छान वाटलं!

घरी आल्या आल्या तसेच काप माझ्या गच्चीवर ठेवले. तिसऱ्या दिवशी बुरशी. ते ताट घेऊन मी दवाखान्यात गेले. बाकांवर पाच-सहा पेशंट होते.

"काकू, हे काय?"

"तुमचा शरद. तीन दिवसांचा."

"अहो, शास्त्रात ऋतुचर्या अशीच दिली आहे."

"शास्त्रात देश, म्हणजे माणूस राहतो तो प्रदेश, बघायला सांगितलाय की नाही?"

"सांगितलाय. पण प्रकृतीही बघावी लागते."

"प्रकृती विचारलीत तुम्ही. गावाची हवा विचारली नाही."

"गाव म्हैसूरच ना? इथेच तर बसलोय आपण."

"तेच म्हणते मी!"

बाकावरचे एक पेन्शनर मोठ्यानं हसले. बाई लाल झाल्या. म्हणाल्या, "कागद बदलते."

त्या दिवसापासून माझं तेल, माझं सारू पुन्हा सुरू. लाल मिरची मात्र बाईंनी सोडायला लावली होती, ती सोडलेलीच ठेवली. तूप आणि आवळाही ठेवला. ॲसिडिटी खरंच गेली होती आणि चांगला माल परत करायची मला सवय नाही.

ती थंडी मी विसरणार नाही. धनुर्मासात देवळांना पहाटे फुलं लागतात, बाजारात धुकं असतं, निम्मे व्यापारी खोकत असतात. मी एका आरोळीत तीन ढीग उचलले. दलाल म्हणाला, "अक्का, हळू, मी इथेच आहे." एकही दिवस आवाज बसला नाही. हॉलवाले स्वतः परत आले. मौनव्रतवाल्यानं नंतर हळूच विचारलं, "तेल कुठलं घेता?" मी म्हटलं, "ते लिलावात मिळत नाही."

इथे थांबले असते. पण या दसऱ्यानंतर आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका खुणेनं काहीतरी सांगायला लागल्या. त्या घरी शिकवण्या घेतात, बोलण्यावर त्यांचं घर चालतं. पर्समधून त्यांनी कागद काढला. तोच. मिरे बंद, आलं बंद, चांदण्यात बसा.

मी दवाखाना गाठला. बाई म्हणाल्या, "काकू, ते आधीचे छापलेले उरले होते. आत या, निवांत बोलू."

आत कशाला? बाई, माझा आवाज तुमच्या अजाणतेपणी गेला, ते मी सोडून दिलं असतं. या शिक्षिकेचा आवाज तुम्हाला ठाऊक असताना गेला. त्यांची बंद पडलेली शिकवणी कोण घेणार, तुम्ही? मला निवांत बोलायचं नाही. बाहेर या, या बाकांसमोर उभ्या राहा आणि शुद्ध मराठीत, नाहीतर येईल तेवढ्या कन्नडात, उत्तर द्या.